म्हसोबाचं वळण

धानोळा, जि. नांदेड
११ नोव्हेंबर २०२२

चि. आनंदा,
जयभीम.

उभी हयात नर्सची नोकरी केली. रक्त बघितलं, पू बघितला, सडलेले पाय या हातांनी धुतले, कधी ओकारी आली न्हाई. काल नगरपरिषदेत आली.

गावाचा विकास आराखडा लागलाय म्हणून कळलं, तर मी पण बघायला गेले. जिन्याच्या भिंतीवर चादरीएवढा नकाशा चिकटवलाय आणि त्याच्यासमोर ही गर्दी. कुणाला काही कळून न्हाई राहिलं, जो तो आपलं घर शोधतोय. एकजण म्हणत होता, आपल्याला पिवळं दिलंय, शेजाऱ्याला मात्र मस्त हिरवं दिलंय. हिरवं म्हणजे बाग, म्हणजे शेजाऱ्याचं घर गेलं, हे सांगायला तिथं एक माणूस ठेवलेला न्हाई. शेजारी पण बाजूला उभा राहून हसत होता.

मी आधी विहार शोधला, विहारावरून आपली गल्ली, गल्लीवरून आपलं घर. घरावरून लाल पट्टा गेलाय. अठरा मीटरचा रस्ता. बायपासवरून निघतो, नाकासमोर सरळ येतो आणि उमाशंकरच्या वावरापाशी आला की एकदम वाकतो. ते वावर सोडून नाल्याकडनं वळसा घेतो आणि येतो तो थेट माझ्या स्वयंपाकघरात.

तिथल्या बाबूला विचारलं, रस्ता वाकडा का? म्हणाला, "बाई, तिथं देव हाय. देवाला कसं हलवणार?" कोणता देव? तर म्हसोबा. मी त्या वावरात ज्वारी बघितली, तूर बघितली, गेल्या साली उमाशंकरनं प्लॉट पाडायला रोवलेले दगड बघितले. म्हसोबा कधी बघितला न्हाई. परत येताना मुद्दाम तिकडनं आले. बांधावर चार पत्रे, खाली एक दगड, त्यावरचा शेंदूर बोटाला लागला. हा देव माझ्या गॅसच्या शेगडीपेक्षा लहान असंल वयानं.

नकाशाच्या खाली लिहिलंय की आराखडा नगररचनेच्या लातूर युनिटनं केला. तू त्याच युनिटात हायस. धम्मचक्र दिनाला येऊन राहून गेलास, त्याच स्वयंपाकघरात बसून जेवलास, आणि तोंडातून अवाक्षर काढलं न्हाईस. का?

फोनवर तू "हो अक्का, बघतो अक्का" करून ठेवून देतोस. म्हणून कागदावर विचारून राहिले. कागदावरच सांग.

तुझी थोरली बहीण,
चांगुणा

•

लातूर
१९ नोव्हेंबर २०२२

प्रिय अक्का,
सविनय जयभीम.

तू फोन केला नाहीस ते फार बरं केलंस. आराखड्याचं काहीही फोनवर बोलू नकोस, हल्ली जो तो रेकॉर्ड करून ठेवतो. पत्रही घरच्या पत्त्यावर पाठव, ऑफिसच्या नको.

आता मुद्द्याचं. सदर आराखडा प्रारूप आहे, अंतिम नाही. लोकांच्या हरकती मागवल्या आहेत. त्यावर नियोजन समितीपुढे सुनावणी होईल, समितीला योग्य वाटल्यास ती बदल सुचवेल आणि त्यानंतर शासन मंजुरी देईल. त्यामुळे आत्ताच घाबरून जाण्याचं कारण नाही.

वळणाबाबत सांगायचं तर, सर्वेक्षणात सदर ठिकाणी धार्मिक स्थळ नोंदलं गेलं आहे. धार्मिक स्थळावरून कोणताही अधिकारी रस्ता नेत नाही. नियमात असं कुठं लिहिलेलं नाही, पण रीत सगळीकडं हीच आहे. एकदा रेषा देवळावरून गेली की मोर्चा येतो, मग पोलीस, मग आमची बदली. म्हणून आम्ही रेषा आधीच वळवतो. तो देव तिथं कधी आला हे आम्हाला विचारता येत नाही.

तुझं घर त्यात येतंय हे मला माहीत नव्हतं. नकाशावर घरांना नावं नसतात, नुसते चौकोन असतात.

एक सुचवतो, चिडू नकोस. तुझ्या अंगणात पुढच्या बाजूला जागा आहे. तिथं एखादं श्रद्धास्थान असलं तर समितीपुढं आपला मुद्दा बळकट होतो. बाबासाहेबांचा पुतळा नको, त्याला शासनाची परवानगी लागते आणि तिथं प्रकरण अडकतं. बुद्धमूर्तीला चबुतरा पुरतो. सुनावणीच्या आधी झालं तर उत्तम.

हे पत्र वाचून जाळून टाक.

तुझा,
आनंदराज

•

धानोळा
२७ नोव्हेंबर २०२२

आनंदा,

पत्र जाळलं न्हाई. असलं लिहायची लाज वाटत असंल तर लिहू नये, दुसऱ्याला काडी लावायला सांगू नये.

चौकोन म्हणतोस? त्या चौकोनात तू दहावी पास झालास. आई गेल्यावर तुला बोटाला धरून मी त्या चौकोनात आणलं. पॉलिटेक्निकला लातूरला जाईस्तोवर तिथंच जेवलास, तिथंच झोपलास. पुढची खोली पत्र्याची होती, तुला अभ्यासाला उकडतं म्हणून तिच्यावर स्लॅब टाकला. तुला नकाशावर नाला ओळखू आला, विहार ओळखू आला, उमाशंकरचा दगड ओळखू आला, आणि बहिणीचं घर तेवढं चौकोन दिसलं. बरं हाय.

आणि ते मूर्तीचं. आपल्या आजोबांनी छप्पन साली देव्हाऱ्यातले टाक गोधडीत बांधून गोदावरीत सोडले. घरात लेकरू तापानं फणफणत होतं, आजी पाया पडून म्हणाली, आत्ताच नको. तरी सोडले, कारण पुढं दगडाच्या भीतीनं जगायचं न्हाई असं त्यांनी ठरवलं होतं. आणि त्यांचा नातू, सरकारी अधिकारी, मला सांगून राहिला की रस्ता अडवायला अंगणात बुद्ध बसव. बुद्धाला मी गेटवरचा वॉचमन करू?

मी रीतसर हरकत देणार. समोरच्या मोहियोद्दीनभाईंनी अर्ज टाईप करून आणून दिला. गाद्या भरायचं काम सोडून सकाळभर त्या झेरॉक्सवाल्याच्या दुकानात बसले होते. मी म्हटलं, भाई, तुम्ही कशाला त्रास घेतला. तर म्हणाले, "सिस्टरबाई, तुमच्या घरावर बुलडोझर चालला तर मला माझ्या खिडकीतनं बघावं लागंल. ते मला जमायचं न्हाई."

हरकत एकाच गोष्टीची हाय. रस्ता सरळ न्या. सरळ रस्त्यात कुणाचंच घर पडत न्हाई. उमाशंकरचे प्लॉट पडतात आणि त्यावर अजून कुणी वीट ठेवलेली न्हाई. एवढं साधं हाय, यात तुझ्या समितीला कळत न्हाई असं काय हाय ते मला पण बघायचंय.

चांगुणा

•

धानोळा
१६ फेब्रुवारी २०२३

आनंदा,

काल सुनावणी झाली. तू तिथंच होतास, तरी सांगते, कारण तू मान वर करून बघितलंच न्हाईस.

सकाळपासून बायका लेकरं घेऊन हॉलच्या बाहेर जमिनीवर बसल्या होत्या. प्यायला पाणी न्हाई. आत साहेब लोकांपुढं काजूच्या बशा होत्या. नाव पुकारलं की आत जायचं, तोंड उघडायचं, की "झालं, नोंद घेतली, पुढचा." माझ्या आधी एक म्हातारा गेला. त्याच्या घरावर भाजीमंडईचं आरक्षण पडलंय. "साहेब, मग मी कुठं राहू?" म्हणाला, तर एक साहेब म्हणाले, "मंडईत गाळा मागा." सगळे हसले. तू पण हसलास. मी दारातनं बघितलं.

मग माझं नाव आलं. मी म्हटलं, रस्ता सरळ का न्हाई ते सांगा. मधल्या खुर्चीवरच्या साहेबांनी तुझ्याकडं बघितलं. आणि तू, आनंदा, फायलीत बघत बोललास, "हरकतदार, थोडक्यात सांगा. तिथं धार्मिक स्थळ आहे. तुमच्या जागेत काही धार्मिक स्थळ आहे का?"

मी म्हटलं, न्हाई. तू लिहिलंस, नाही. मग शिपायानं मला दार दाखवलं.

हरकतदार. ज्या तोंडात मी घास घातला त्या तोंडातनं हे आलं. बाहेर येऊन नळावर चूळ भरली. बोलला तू होतास आणि तोंड माझं खराब झालं होतं.

उमाशंकर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता. त्याला आत यायची गरजच पडली न्हाई. मला बघून उठला, हात जोडले. "सिस्टर, तब्येत काय म्हणते? डोळ्याचं दाखवलं का?" गोड बोलतो. बाहेरच्या माणसानं माझी विचारपूस केली आणि घरच्यानं मला हरकतदार केलं, असा कालचा दिवस गेला.

चांगुणा

•

लातूर
२५ फेब्रुवारी २०२३

प्रिय अक्का,
जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवलं नाही.

ज्याच्या नात्यातल्या माणसाची जागा आराखड्यात बाधित होते त्या अधिकाऱ्यानं तसं लेखी कळवून बाजूला व्हायचं असतं. मी कळवलेलं नाही. कळवलं असतं तर मला या कामातून काढलं असतं, आणि माझ्या जागी जो आला असता त्याला धानोळ्यात कोण चांगुणाबाई राहते याच्याशी काही देणंघेणं नसतं. तिथं तुला अक्का म्हणून हाक मारली असती तर सगळंच संपलं असतं. हे तू समजून घ्यावंस.

हसलो ते सगळे हसले म्हणून. त्या टेबलावर मी सगळ्यांत लहान आहे. रेषा कुठून न्यायची ते कुणीतरी सांगतं, पेन्सिल फक्त माझी असते.

अजून मार्ग बंद झालेला नाही. समितीचा अहवाल व्हायचा आहे, त्याआधी जागेवर येऊन पाहणी होईल. तू आता कुठंही अर्ज देऊ नकोस, कुणाशी वाद घालू नकोस. डोळ्याचं ऑपरेशन किती दिवस ढकलणार आहेस? मे महिन्यात नांदेडला जाऊन करून घे. मी दिपालीशी बोललो आहे. मावशीची लेक असली तरी सख्ख्यासारखं करते, विष्णुपुरीला तिच्याकडं निवांत राहा. घाई करून परत येऊ नकोस.

तुझा,
आनंदराज

•

धानोळा
२२ मे २०२३

आनंदा,

ऑपरेशन नीट झालं. दिपालीनं लई केलं. स्वतःची शाळा सांभाळून वेळच्या वेळी डोळ्यात थेंब घालायची. आता चांगलं दिसून राहिलं. घरी येऊन पहिलं काय दिसलं ते ऐक.

रिक्षातून उतरले तर अंगणात चबुतरा, त्यावर बुद्धमूर्ती, चारी बाजूंनी पंचशीलाचे झेंडे. पौर्णिमेला बसवली म्हणे. मंडळाचा अध्यक्ष विनोद पुढं आला, "सिस्टरबाई, तुम्हाला सरप्राईज." बायकांनी मेणबत्त्या लावल्या होत्या, वंदना सुरू होती. मी काय करू? बुद्धाला हाकलू? चपला काढल्या आणि हात जोडले.

मूर्ती सुंदर हाय, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी फूल ठेवते आणि नजर चुकवते. ज्यानं जन्मभर तृष्णा सोडा म्हणून सांगितलं त्याला माझ्या स्लॅबच्या राखणीला बसवलंय. त्यात परवा फूल ठेवता ठेवता मनात आलं, बसली ते बसली, घर वाचलं तर बरंच की. मला माझीच शिसारी आली. तुमच्या नकाशाची घाण आता माझ्या अंगणापर्यंत आलीय, आणि मी तिच्यावर फुलं वाहून राहिले.

पाहणी करणारे साहेब मी नसताना येऊन गेले. मूर्तीचे फोटो काढून नेले म्हणे. विनोदला विचारलं, मूर्ती कुणी दिली? "एका दानशूर माणसानं," म्हणाला आणि मांडवाच्या बांबूकडं बघायला लागला.

यात तुझा हात हाय का? हो किंवा न्हाई, एवढंच लिही.

चांगुणा

•

लातूर
१८ जुलै २०२३

प्रिय अक्का,
जयभीम.

मूर्ती वस्तीच्या श्रद्धेनं बसली आहे, त्यावर मी काय बोलणार?

आनंदाची बातमी द्यायला लिहितो आहे. समितीनं फेरबदल सुचवला आहे. तुझ्याकडील श्रद्धास्थानाची नोंद घेऊन सदर रस्त्याची आखणी समोरच्या बाजूस सरकवण्यात आली आहे. तुझी मालमत्ता पूर्णतः वगळली आहे. समोरच्या बाजूची काही बांधकामं बाधित होतात, त्यांना नियमानुसार मोबदला मिळेल. थोड्या दिवसांत सुधारित नकाशा लागेल, तोवर कुठं बोलू नकोस.

आता निर्धास्त राहा. धम्मचक्र दिनाला येतो. तुझ्या हातची सुशीला खाऊन किती दिवस झाले. चुरमुरे भिजवून नुसती फोडणी घातली तरी लातूरला ती चव येत नाही.

तुझा,
आनंदराज

•

धानोळा
३० ऑक्टोबर २०२३

आनंदा,

तू आला न्हाईस ते बरं झालं. सुशीला केली असती, पण कुणाच्याच घशाखाली उतरली नसती.

"काही बांधकामं" म्हणजे मोहियोद्दीनभाईंचं घर. एकच बांधकाम. खाली कापूस पिंजायची मशीन, वर राहायच्या खोल्या. तू लहान असताना त्या कापसाच्या ढिगात उड्या मारायचास आणि हसीनाभाभी तुझ्या केसांतला कापूस वेचायची. त्या घराचं नाव लिहायला तुझा हात धजला न्हाई, म्हणून "काही" आणि "सदर" आणि "नियमानुसार".

भाई नकाशा बघून आले. मला वाटलं भांडतील, मी तयारच होते. ते माझ्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "सिस्टरबाई, मुबारक. तुमचं वाचलं." मनापासून म्हणाले. त्यांच्या घरातनं भाभीच्या रडण्याचा आवाज येत होता.

त्यांच्यातली चार पोरं येऊन सांगून गेली, चाचा, अंगणात एक मजार बांधू, हिरवी चादर टाकू, रेषा पुन्हा सरकंल. साऱ्या गावाला आता ही युक्ती कळलीय. भाई त्यांना म्हणाले, "थडगं बांधाल रे, पण आत कोण हाय म्हणून सांगू? फातिहा कुणाच्या नावानं पढू?" पोरं निघून गेली. मग मला म्हणाले, "आपल्याच्यानं असलं होत न्हाई. तुमच्याकडं वस्तीनं श्रद्धेनं बसवलं, ती गोष्ट वेगळी."

ती गोष्ट वेगळी. भुई फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

तिथनं उठले ती विनोदच्या घरी गेले आणि त्याच्या आईसमोर त्याला विचारलं. बोलला मग. मूर्ती लातूरहून पिकअपमधून आली. साहेबांनी पाठवली. "अक्का ऑपरेशनला गेल्यावर बसवा, एकदा बसली की ती हलवणार न्हाई," हे पण साहेबच म्हणाले होते. माझे डोळे दुखत होते त्याची काळजी न्हाई रे तुला. मला घराबाहेर काढायला ते डोळे तुझ्या उपयोगी पडले.

उमाशंकरचं ऐकलंस का? रस्ता आपल्या प्लॉटला लागून जाणार हे पक्कं झाल्यावर त्याला तिथं कमान उभी करायची होती. मध्ये म्हसोबा. ट्रॅक्टर लावून दगड उपटला आणि नाल्यात लोटला. मोर्चा न्हाई, पोलीस न्हाई, कुणी विचारलं पण न्हाई. मी धावत नगरपरिषदेत गेले. म्हटलं, आता देव न्हाई तिथं, करा रस्ता सरळ. तर म्हणाले, बाई, प्लॉट विकले गेले, लोकांनी पाये भरले, आता कसा सरळ होणार? म्हणजे देव गेला आणि वळण राहिलं. आता एक तर मी, न्हाईतर भाई.

रविवारी वस्तीतल्या बायका बोलावल्या. वंदना घेतली. हातगाडीवर पांढरं कापड अंथरून मूर्ती विहारात नेली आणि तिच्या जागी नीट बसवली. विनोद आडवा आला होता, "घर जाईल तुमचं." त्याला म्हटलं, घर माझं हाय, जाईल तर माझं जाईल. चबुतरा दुसऱ्या दिवशी फोडून टाकला.

अर्ज दिलाय. माझ्या जागेत धार्मिक स्थळ न्हाई, रस्ता पहिल्यासारखा माझ्या जागेतून न्या. आराखडा शासनाकडं जायच्या आधी हा अर्ज तुझ्याच टेबलावर येणार. या वेळी वर लिहून दे की हरकतदार बहीण हाय.

मला तुझी किळस येते, आनंदा. उद्या "अक्का रागात बोलली" असं म्हणायला नको, म्हणून शांतपणे लिहिलंय.

चांगुणा

•

लातूर
१२ फेब्रुवारी २०२४

अक्का,

तुझा अर्ज आला. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. आधी वाटलं तू स्वतःच परत घेशील. मग वाटलं हरवला म्हणून सांगावं, आमच्याकडं अर्ज हरवल्याचं कुणाला नवल वाटत नाही. रोज ड्रॉवर उघडायचो आणि बंद करायचो.

शेवटी मोठ्या साहेबांना लेखी दिलं की अर्जदार माझी सख्खी बहीण आहे. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "सोनकांबळे, हे पहिल्याच दिवशी सांगायचं असतं, नाहीतर कधीच सांगायचं नसतं." मला युनिटमधून काढलं आहे. आता मागच्या खोलीत जुने नकाशे गुंडाळून ठेवायचं काम आहे. चौकशी लागेल असं म्हणतात.

जाण्याआधी ती दुरुस्ती माझ्याकडूनच करून घेतली. हल्ली पेन्सिल नसते, मी तुला खोटं लिहिलं होतं. संगणकावर रेषा धरायची आणि सरकवायची. भाईंच्या घरावरून उचलली आणि आपल्या घरावर ठेवली. खाली "तयार करणार" म्हणून माझी सही आहे.

मूर्ती मी पाठवली. तो चौकोन तुझा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रेषा नाल्याकडून घे असं मला वरून सांगितलं तेव्हा मी त्या चौकोनाकडंच बघत होतो. तेव्हा बोललो असतो तर कदाचित रस्ता सरळ राहिला असता. मी मनात हिशोब केला की आत्ता गप्प बसू, नोकरी सांभाळू, अक्काचं मागाहून मूर्तीनं सोडवू. दोन्ही जमेल. रेषा तिथून उठली तर कुणाच्या अंगावर बसेल, हेही मला दिसत होतं. ते घर मी बघायचं टाळलं. या नोकरीत पहिलं तेच शिकतात.

अक्का, मी येऊ का?

आनंदा

•

धानोळा
९ मार्च २०२५

आनंदा,
जयभीम.

तुझी सगळी पत्रं मिळाली. उत्तर दिलं न्हाई, कारण लिहायला बसलं की घशाशी यायचं.

आपल्याकडं आराखड्यातले रस्ते कागदावरच म्हातारे होतात. नाल्यापलीकडची बाग मी नोकरीला लागले तेव्हापासून होणार हाय, तिथं अजून डुकरं लोळतात. हा रस्ता मात्र मंजुरीची शाई वाळायच्या आत आला, कारण तो उमाशंकरच्या कमानीला लागून जातो. आता रस्त्याला त्याच्या वडिलांचं नाव द्यायचं चाललंय.

गेल्या मंगळवारी घर पडलं. नगरपरिषदेचे मुख्याधिकारी स्वतः आले होते. मला खुर्ची मागवली, पाणी विचारलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "सोनकांबळे साहेबांच्या भगिनी ना तुम्ही? आधी कळवायचं ना बाई, काहीतरी केलं असतं." पलीकडं माझी भिंत पडून राहिली होती आणि हा माणूस मला अजून सांगत होता की काहीतरी केलं असतं. मी त्यांचं पाणी प्याले न्हाई.

रडणार न्हाई असं ठरवलं होतं. पण स्वयंपाकघराची भिंत गेली आणि माझी मांडणी, माझा ओटा, भिंतीवरचे फोडणीचे डाग साऱ्या गल्लीला उघडे दिसले, तेव्हा खाली बसले. हसीनाभाभीनं येऊन माझ्या डोक्यावर पदर घातला आणि मला उठवून तिच्या घरी नेलं.

तिथंच राहते आता, वरच्या खोलीत. भाभीनं खोली आधीच धुऊन ठेवली होती, मला विचारलं पण न्हाई. भाईंनी नवी गादी भरून दिली. खाली मशीन चालते, कापूस उडतो, मला शिंका येतात. झोप मात्र लागते.

तू विचारलंस, येऊ का? ये. लेकरासारखा वाढवलाय तुला, तोडून टाकता येत न्हाई. मी प्रयत्न करून बघितला.

पण एक करायचं. भाई दुपारपर्यंत खाली मशीनवर असतात. आधी त्यांच्यासमोर बसायचं आणि सांगायचं की मूर्ती तू पाठवली होतीस आणि त्यांच्या घरावर रस्ता तुझ्यामुळं गेला होता. मी त्यांना अजून सांगितलेलं न्हाई. वस्तीनं श्रद्धेनं बसवली होती, आणि सिस्टरबाईंनी आमच्यासाठी ती विहारात नेली, असंच ते समजतात. आल्यागेल्याला पण तेच सांगतात. मी समोर बसून भाजी निवडत असते आणि मान खाली घालते. हे सांगणं माझं काम न्हाई, तुझं हाय.

ते चहा सांगतील की उठून आत जातील, मला माहीत न्हाई. जे होईल ते ऐकून घ्यायचं आणि मग वर यायचं. जिना बाहेरच्या बाजूनं हाय.

अक्का